वाटीवर रेघा नसतात

नाशिकहून एका आईचं पत्र आलं आहे. त्यांच्या मुलीला पाच महिने पूर्ण झालेत. बाळंतपणानंतर आईला आजारपणात औषधं सुरू झाली, अंगावरचं दूध आटत गेलं आणि दुसऱ्या महिन्यापासून बाळ पूर्णपणे डब्याच्या दुधावर आहे. वजन छान वाढतंय. पण वरच्या अन्नावरून घरात वाद सुरू झालाय. सासूबाई म्हणतात, ‘सहा महिने थांबायचं ते अंगावर पिणाऱ्या बाळासाठी. डब्याच्या दुधाला काय दम असतो? पाचव्यातच उष्टावण उरकून पेज आणि वरणाचं पाणी सुरू करायला हवं होतं.’ बंगळुरूची नणंद म्हणते, भरवूच नका, सगळं बाळाच्या हातात द्या. डॉक्टरांनी ‘सहा महिने झाले की सुरू करा’ एवढंच सांगितलं. आईंनी वहीत तक्ता आखून ठेवलाय, किती वाजता किती मिली दूध आणि किती चमचे पेज. त्यांना विचारायचंय, नक्की कधी आणि कशाने सुरुवात करू, दूध किती कमी करू, सहा महिन्यांनंतरच्या दुधाचा दोन नंबरचा डबा आणू का? आणि शेवटी लिहिलंय, ‘अंगावरचं दूध देता आलं नाही. निदान खाण्यात तरी काही चुकायला नको.’

प्रिय मैत्रीण,

तुमच्या शेवटच्या ओळीपासून सुरुवात करते, कारण बाकीचे प्रश्न तिच्यातूनच आलेत असं मला वाटतं. तुम्ही आजारी होतात, औषधं घ्यावी लागली, दूध आटलं. तरी बाळाचं पोट भरत राहिलं आणि ती वाढली. यात कुणाचं देणं राहिलेलं नाही, जे आता खिमटाच्या वाटीतून फेडायचं आहे. हे मनात पक्कं करा असं कळकळीने सांगते, कारण तसं झालं नाही तर तिने थुंकून टाकलेला प्रत्येक घास तुम्हाला स्वतःचं अपयश वाटेल. आणि सुरुवातीला ती पुष्कळ थुंकणार आहे.

आता सासूबाईंचं म्हणणं. ते हवेतून आलेलं नाही. त्यांच्या काळात वरचं दूध म्हणजे गाईम्हशीचं दूध, तेही बहुतेक घरांत पाणी घालून पातळ केलेलं. त्यात लोह जवळपास नसतं आणि पाण्यामुळे ताकदही कमी होते. अशी बाळं खरोखर लवकर अशक्त व्हायची, म्हणून आयाबाया लवकर पेज सुरू करायच्या. डब्याच्या दुधात मात्र लोह आणि जीवनसत्त्वं आधीच घातलेली असतात. ते पावडर मोजून नीट बनवलं, तर सहा महिने पूर्ण होईपर्यंत पूर्ण दिवसांच्या निरोगी बाळाला तेवढं पुरतं. जागतिक आरोग्य संघटना सहा महिने, म्हणजे १८० दिवस झाल्यावर वरचं अन्न सुरू करायला सांगते. युरोपातल्या बालपोषणतज्ज्ञांच्या संघटनेने २०१७ मध्ये चार महिन्यांच्या आधी नको आणि सहा महिन्यांच्या पुढे लांबवू नका असं सांगितलं, आणि अंगावरचं व डब्याचं असे दोन वेगळे नियम करायची गरज नाही हेही म्हटलं. तुमच्या बाळाला डब्याचं दूध आहे म्हणून तारीख अलीकडे येत नाही.

घरातली बोलणी सोपी करणारी एक गोष्ट सांगते. आपल्याकडे मुलीचं उष्टावण विषम महिन्यात करतात, पाचव्यात नाहीतर सातव्यात. सातवा महिना लागतो तेव्हा सहा पूर्ण झालेले असतात. म्हणजे डॉक्टर सांगतात तो दिवस आणि सासूबाईंच्या रीतीत बसणारा महिना एकच आहे. पाचवा गेला म्हणून त्या हळहळत असतील, तर सातवा येतोच आहे. मात्र ‘सहावा लागला’ आणि ‘सहा पूर्ण झाले’ यांत घरोघरी गोंधळ होतो, तेव्हा कॅलेंडरवर एकदाच खूण करून टाका. (बाळ दिवसांच्या बरंच आधी जन्मलं असेल, तर हा हिशेब वेगळा असतो. तो डॉक्टरांशी बोलूनच ठरवायचा.)

तारखेबरोबर बाळाकडेही बघा. मान पक्की धरते का? मांडीत आधाराने बसते का? तुम्ही जेवताना तुमच्या घासाकडे टक लावून बघते, हात पुढे करते का? चमचा ओठाला लावल्यावर प्रत्येक वेळी जीभ पुढे येऊन सगळं बाहेर ढकलते का? जीभ ढकलत असेल तर चार-पाच दिवस थांबून पुन्हा बघा. रात्री उठते किंवा मुठी चोखते, एवढ्यावरून मात्र ‘हिला दूध पुरत नाही’ असं ठरवू नका. या वयाची बाळं दोन्ही करतातच.

कशाने सुरुवात करायची? घरात जे शिजतं त्यानेच. वरणाचं पाणी हा मला सगळ्यात फसवा प्रकार वाटतो. डाळ खाली राहते आणि बाळाच्या पोटात जातं पिवळं पाणी. बाळाच्या पोटात एका वेळी मावतं ते वजनाच्या किलोमागे साधारण ३० मिली, म्हणजे सात किलोच्या बाळाचं २०० मिलीच्या आसपास. डब्याच्या दुधाच्या १०० मिलीमध्ये ६५-७० कॅलरी असतात. त्या जागी वरणाचं पाणी गेलं, तर पोट भरतं पण पोषण घटतं. डाळ द्यायची तर घोटून, गोळ्यासकट द्या.

माझं मत खिमटाला आहे. तीन वाट्या तांदूळ धुऊन सावलीत कापडावर कोरडे होऊ द्यायचे. ते मंद आचेवर खमंग वास येईपर्यंत भाजायचे, एक वाटी मुगाची डाळ वेगळी भाजायची, कारण डाळ आधी करपते. गार झालं की मिक्सरमधून बारीक करायचं, पहिले पंधरा दिवस पिठासारखं, पुढे रव्यासारखं. दोन चमचे पीठ आधी गार पाण्यात कालवून मग शिजवायचं, नाहीतर गुठळ्या होतात. उतरवताना अर्धा चमचा साजूक तूप. मीठ नको, साखर नको, गूळही नको. वर्षापर्यंत यातल्या कशाचीच बाळाला गरज नसते, आणि तुम्हाला अळणी लागतं ते तिला अळणी लागत नाही. घट्टपणा बघायला चमचा तिरका करा. खिमट चमच्याला धरून राहिलं पाहिजे. खळकन ओघळलं तर अजून आटवा.

खिमट रुळलं की गुरगुट्या भात आणि घोटलेलं वरण, लाल भोपळा, गाजर, रताळं, कुस्करलेलं केळं, चिकू, वाफवलेलं सफरचंद, घरचं गोड दही. नाचणीचं सत्त्व अवश्य द्या, पण ते कॅल्शियमसाठी. त्यावर लोहाची भिस्त ठेवू नका. अंडं नीट उकडून, मासा काटे काढून, मटण-चिकन शिजवून वाटून, हे सगळं खाणाऱ्या घरात सहा महिन्यांनंतर लगेच सुरू करता येतं. अंडं आणि शेंगदाणा वर्षभर लांब ठेवा हा सल्ला आता जुना झाला. २०१५ मध्ये इंग्लंडमधला एक मोठा अभ्यास प्रसिद्ध झाला. त्यात ॲलर्जीचा धोका जास्त असलेल्या बाळांना वर्षाच्या आतच शेंगदाणा नियमित दिला, तर शेंगदाण्याची ॲलर्जी खूप कमी झाली असं दिसलं. तेव्हा बारीक वाटलेलं दाण्याचं कूट पाव चमचा खिमटात कालवून द्यायला हरकत नाही, अख्खा दाणा मात्र अजिबात नाही. बाळाला अंगभर इसब असेल किंवा आधी कशाची गंभीर ॲलर्जी झाली असेल, तर डॉक्टरांना विचारूनच. नवा पदार्थ सकाळी द्यावा आणि दोन-तीन दिवस दुसरा नवा पदार्थ आणू नये, म्हणजे पुरळ उठलं तर कशामुळे ते कळतं. ओठ-डोळे सुजले, श्वास घरघरला, लागोपाठ उलट्या झाल्या, तर वाट न बघता दवाखाना गाठायचा.

आता डब्याच्या दुधावरच्या बाळाचं खरंच काय वेगळं असतं, ते सांगते.

एक म्हणजे चव. आईच्या दुधाला तिने खाल्लेल्या लसणीची, जिऱ्याची, मेथीची पुसटशी चव येते, म्हणून अंगावर पिणाऱ्या बाळाला चवी बदलतात हे आधीच ठाऊक असतं. तुमच्या लेकीने महिनोन्‌महिने एकच चव घेतली आहे. गाजराचा पहिला चमचा तोंडात गेला की ती भुवया आक्रसेल, अंग शहारेल, जीभ बाहेर काढेल, अर्धं गाजर लाळेऱ्यावर येईल. हा नकार नाही, नवल आहे. तोंड वाकडं करूनही पुढचा चमचा आला की ती तोंड उघडते का, तेवढं बघायचं. नाही उघडलं तर त्या दिवशी थांबायचं आणि तीच भाजी दोन-तीन दिवसांनी पुन्हा द्यायची. आठ-दहा वेळा समोर आल्यावर बहुतेक बाळं ती चव स्वीकारतात. बरेचसे पालक तिसऱ्या वेळेलाच ‘हिला भाजी आवडत नाही’ असा निकाल देतात.

दुसरं मला जास्त महत्त्वाचं वाटतं, आणि ते बाळापेक्षा तुमच्याबद्दल आहे. बाटलीवर रेघा असतात. गेले काही महिने तुम्ही त्या रेघा बघत आला आहात, आज १५० प्याली, काल १८०, २० राहिले, ते कसे संपवायचे. यात तुमचा दोष नाही. डब्याचं दूध मोजूनच बनवावं लागतं आणि उरलेलं ओतून द्यावं लागतं. पण यातून नकळत एक सवय लागते, बाळाचं पोट भरलं की नाही हे बाटलीला विचारायची. तुमच्या वहीतला तक्ता तीच सवय वाटीकडे घेऊन निघालाय. अंगावर पाजणाऱ्या आईला आत किती गेलं ते दिसतच नाही. बाळाने तोंड काढून घेतलं की झालं. तुम्हाला हे वाटीच्या निमित्ताने शिकायचं आहे. काय द्यायचं, कधी द्यायचं, कुठे बसून द्यायचं, हे तुम्ही ठरवा. किती खायचं, ते तिला ठरवू द्या. ती मान फिरवते, ओठ मिटते, चमचा हाताने लोटते, इकडेतिकडे बघायला लागते, तेव्हा ती ‘पुरे’ म्हणते आहे. वाटीत अर्धं उरलं तरी पुरे. मोबाइलवर गाणं लावून तोंड उघडल्याबरोबर चमचा आत सारायचा प्रकार आजकाल फार बघते, आणि मला तो खटकतो. दोन वर्षांच्या मुलामागे वाटी घेऊन धावणाऱ्या घरांत त्याची सुरुवात इथेच झालेली असते.

तरीही अंदाज हवा असेल तर हा घ्या. पहिल्या आठवड्यात दिवसातून एकदा दोन-तीन चमचे. मग दोनदा. सात-आठ महिन्यांपर्यंत दोन-तीन वेळा, हळूहळू अर्ध्या वाटीपर्यंत. नवव्या महिन्यानंतर तीन-चार वेळा अर्धी वाटी आणि मधे एखादं फळ. ही सरासरी आहे. रोज वहीत जुळली पाहिजे अशी नाही. दात येताना, सर्दीत, लसीनंतर ती कमी खाईल आणि पुढच्या आठवड्यात भरून काढेल.

दूध किती कमी करायचं? सुरुवातीला काहीच नाही. भरवायची वेळ दोन दुधांच्या मधली ठेवा, बाळ खूप भुकेलं नसताना. कडाडून भूक लागलेलं बाळ चमच्यावर चिडतं, नुकतंच प्यालेलं बाळ तोंड उघडत नाही. खाणं वाढत जाईल तसं ती आपणच बाटलीत उरवायला लागेल. साधारण सात ते नऊ महिन्यांत दूध दिवसाला ६०० मिलीच्या आसपास येतं आणि वर्षाकडे जाताना ४०० पर्यंत उतरतं. उलट एक लिटरच्या वर दूध पिऊन ती वाटीकडे बघत नसेल, तर दूध थोडं आवरावं लागेल. जेवणाबरोबर उकळून गार केलेल्या पाण्याचे दोन-चार घोट छोट्या पेल्यातून द्या. डब्याच्या दुधावरच्या बाळांना वरचं अन्न सुरू झालं की शी घट्ट होते. पाणी, तूप आणि पपई-नासपतीसारखी फळं यांनी बहुधा भागतं. पेल्याची सवय आत्ताच लावली तर वर्षाच्या सुमाराला बाटली सुटणं सोपं जातं. बाटलीत खिमट घालून मोठ्या भोकाच्या बुचाने पाजायचा सल्ला कुणीतरी देईलच. तो ऐकू नका. त्यात बाळ चावायला शिकत नाही, ठसक्याचा धोका असतो आणि पोट भरल्याची खूण तर कळतच नाही.

दोन नंबरच्या डब्याची गरज नाही. पहिल्याच डब्याचं दूध वर्षापर्यंत चालतं. सहा महिन्यांनंतरची ती वेगळी दुधं आवश्यक नाहीत, असं जागतिक आरोग्य संघटनेने २०१३ मध्येच स्पष्ट केलंय. आपल्या देशात १९९२च्या कायद्याने डब्याच्या दुधाच्या आणि बालान्नाच्या जाहिरातींना बंदी आहे. तरी डब्यांवरचे एक-दोन-तीन-चार हे आकडे बघून शाळेच्या इयत्तांसारखं पुढे जायलाच हवं असं आयांना वाटतं. तसं काही नाही. डबा महाग पडतो म्हणून पाणी वाढवणाऱ्या किंवा चमचा अर्धा भरणाऱ्या वाचकांनाही इथेच सांगते, तसं करू नका. पातळ दूध हे उपासमारच असते. खर्च झेपत नसेल तर डॉक्टरांशी मोकळेपणाने बोला. आपले बहुतेक बालरोगतज्ज्ञ वर्षाच्या आत गाईचं दूध मुख्य आहार म्हणून देऊ नका म्हणतात. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२३च्या सूचनांमध्ये मात्र ६ ते ११ महिन्यांत डब्याचं किंवा जनावराचं, दोन्ही दूध चालेल असं म्हटलंय. दूध बदललं तर लोहाची सगळी जबाबदारी अन्नावर आणि औषधावर येते, हे तेव्हा विसरायचं नाही.

लोहाबद्दल दोन वाक्यं जास्त लिहिते, कारण आपल्याकडे हा प्रश्न मोठा आहे. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या २०१९-२१च्या फेरीत महाराष्ट्रात सहा महिने ते पाच वर्षांच्या सुमारे ६९ टक्के मुलांमध्ये रक्ताक्षय आढळला. आईच्या पोटातून आणलेला लोहाचा साठा सहा महिन्यांच्या सुमाराला संपत येतो. तुमच्या बाळाला सध्या डब्यातून लोह मिळतंय, म्हणून आज घाई नाही. पण दूध ९०० वरून ५०० वर आलं आणि त्या जागी नुसती पेज, केळं आणि बिस्किटं आली, तर लोह निम्म्यावर येतं आणि आपल्याला कळतही नाही. म्हणून दूध कमी होत जाईल तसं डाळ-उसळ घोटून, पालेभाजी, अंडं, मांस-मासे वाढले पाहिजेत, आणि डाळ-भाजीवर दोन थेंब लिंबू पिळलं तर त्यातलं लोह अंगाला जास्त लागतं. सरकारी कार्यक्रमात सहा महिन्यांनंतर आशाताई लोहाचं पातळ औषध देतात, आठवड्यातून दोनदा एक-एक मिली. तुमच्या बाळाला ते कधीपासून द्यायचं, एवढं डॉक्टरांना आवर्जून विचारा.

नणंदेचं म्हणणं अर्धं घ्या. बाळाच्या हातात अन्न देणं चांगलंच. वाफवलेल्या भोपळ्याची बोटभर लांब फोड, जी तुमच्या दोन बोटांत सहज चिरडते, तिला चिवडू द्या. पण खिमट-वरणभात ही चमच्याची किंवा आईच्या बोटांची अन्नं आहेत, ती भरवण्यात काही मागासलेलं नाही. दोन्ही पद्धती एका जेवणात सुखाने नांदतात. फक्त बाळ ताठ बसलेलं असावं आणि मोठं माणूस समोर असावं. घास घशाशी आला की बाळ ओकारी काढतं, आवाज करतं, लाल होतं. तेव्हा ते स्वतःच पुढे ढकलतं, आपण तोंडात बोट घालायचं नाही. आवाज बंद झाला, रडता येईना, ओठ निळसर झाले, तर मात्र ते गुदमरतंय. ताबडतोब हातावर पालथं, डोकं खाली धरून खांद्यांच्या मध्ये तळहाताने पाच थापट्या, नाही निघालं तर उताणं करून छातीच्या मधोमध एका तळहाताच्या मनगटाकडच्या भागाने पाच दाब, आणि दुसऱ्याने तोवर रुग्णवाहिका बोलवायची. घरातल्या सगळ्यांनी हे एकदा डॉक्टरांकडून शिकून घ्यावं. शेंगदाणे, फुटाणे, अख्खी द्राक्षं, डाळिंबाचे दाणे, कच्च्या गाजराचा तुकडा यांना घरात बाळापासून लांब जागा द्या.

आणि मध. सासूबाई चाटवतील, बाळगुटीत घालतील, उष्टावणाच्या दिवशी सोन्याच्या अंगठीने जिभेवर लावतील. वर्षाच्या आत थेंबभरही नाही. मधात काही वेळा असे जंतू असतात जे बाळाच्या आतड्यात वाढून विष तयार करतात, आणि बाळाचे स्नायू लुळे पडतात. हे क्वचित होतं, पण झालं तर जिवावर बेततं. इथे मात्र तडजोड करू नका.

बाकी तडजोडीला पुष्कळ जागा आहे. उष्टावणाची तारीख सासूबाईंना ठरवू द्या, सातव्या महिन्यातली. मामाच्या हातून खिरीचं बोट तिच्या ओठाला लागलं तर त्यातल्या साखरेने काही होत नाही. खिमटाचे तांदूळ भाजायचं काम त्यांच्याकडे द्या. मंद आच आणि खमंग वास यांत त्यांचा हात तुमच्यापेक्षा तयार असणार. फक्त बाळाने तोंड फिरवलं की चमचा खाली ठेवायचा, हा एक नियम घरातल्या सगळ्यांसाठी सारखाच, आणि तो तुमच्या नवऱ्याने त्यांना सांगितलेला बरा.

वही फेकू नका. तिच्यात मिलीऐवजी तारीख आणि त्या दिवशी दिलेला नवा पदार्थ लिहा. पुरळ, उलटी, घट्ट शी असं काही झालं तर तेही. नऊ महिने पूर्ण झाल्यावर गोवराच्या लसीला जाल तेव्हा वजन-उंची नोंदवून घ्या आणि वही डॉक्टरांपुढे ठेवा. मागच्या वेळी ते एकच वाक्य बोलले, पण वही समोर असली की तुम्हालाही नेमके प्रश्न विचारता येतील.